मनुकांचं पाणी

लहानपणी मला देवापेक्षा देवाच्या डोळ्याची भीती जास्त वाटायची. बेळगावच्या कॅम्पात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. वडील पलटणीचे कपडे शिवायचे आणि त्यांच्या मशीनच्या वर, भिंतीवर, एक चौकट टांगलेली होती. तिच्यात एक भला मोठा डोळा काढलेला आणि खाली लिहिलेलं, ‘देव पाहत आहे’. साखरेच्या डब्याला हात लावला की आई आतून ओरडायची, “देव बघतोय हं!” मी डबा झाकून ठेवायची, पण बोटाला लागलेली साखर चाटूनच. एवढं देवाच्या नजरेतून सुटत असेल अशी माझी समजूत होती.

पुढं रविवारच्या वर्गात ‘देवाचं भय धरा’ हे इतक्यांदा पाठ म्हणून दाखवलं की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच गेलं. भय म्हणजे मार बसेल ही धास्ती. याखेरीज त्यात आणखी काही असेल असं वाटायचं कारणच नव्हतं. खरा अर्थ कळला तो लग्नानंतर, सासरी, आणि तोही एका मडक्यामुळं. त्या मडक्यात मी प्रभूच्या नावानं चक्क दारू केली होती.

हे सांगितलं की माझी नातवंडं पोट धरून हसतात. हसू देत. पण त्या दिवशी एका बाईचा संसार मोडायला आला होता, आणि तो वाचवणं माझ्या एका शब्दाच्या हाती असताना मला तोंड उघडायला दुपार झाली. ते आठवलं की मला अजून हसू येत नाही.

स्वातंत्र्याच्या पंधराएक वर्षं आधीची गोष्ट. माझं सासर कोगनोळी आणि निपाणीच्या मधल्या एका खेड्यात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे जेमतेम तीस घरं, आणि देऊळ म्हणजे कौलारू शाळाच. आठवडाभर तिथं पोरं पाढे म्हणायची आणि रविवारी आम्ही गीतं. माझे यजमान मास्तरकीच्या ट्रेनिंगला बेळगावला होते. गंमत बघा, मी बेळगावची पोर खेड्यात आणि ते खेड्यातले बेळगावात.

मामंजी उंच, सडसडीत, हातात कायम छत्री. त्यांना एकच व्यसन होतं, तपकिरीचं. पाळकानं तपकीर ओढावी की नाही याबद्दल मंडळीत दोन मतं होती. पण निपाणीच्या मुलखात तंबाखूला पाप म्हणायचं तर निम्म्या गावाला उपाशी निजावं लागलं असतं, म्हणून कोणी फार बोलत नसे. त्या तपकिरीनं त्यांचं नाक मात्र पार मेलं होतं. चुलीवर दूध करपलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही.

ते कधी रागावत नसत. गप्प बसत. आणि मला त्या गप्प बसण्याची अशी दहशत होती म्हणता! लग्न होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. ते “असू दे” म्हणाले आणि पुढं दोन दिवस घरात शब्द नाही. दोन दिवस मी पाण्याची घागरसुद्धा चोरासारखी हळू ठेवत होते. आमच्या कॅम्पातल्या भिंतीवरचा तो डोळा आता सोप्यात खुर्ची टाकून बसलाय असं मला वाटायचं.

तीन महिन्यांतून एकदा मंडळीत प्रभूची मेज मांडली जायची, म्हणजे त्याच्या शेवटच्या भोजनाची आठवण. पांढरी चादर, मिठाशिवाय केलेली गव्हाची भाकर आणि एकच निकेलचा प्याला. त्या प्याल्यात द्राक्षारस नसायचा. मंडळीतली कितीतरी माणसं दारूतून उठून आलेली, त्यामुळं तिथं थेंबभर दारूलाही मज्जाव होता. निपाणीच्या बाजारातून मनुका आणायच्या, शनिवारी दुपारी भिजत घालायच्या आणि रविवारी सकाळी कुस्करून फडक्यानं गाळून घ्यायच्या. हे काम पाळकाच्या घरातल्या बाईचं. ते करताना बोलायचं नाही, असा माझ्या सासूबाईंचा शिरस्ता होता.

प्याला आधी पुरुषांकडून फिरायचा, मग बायकांकडं यायचा. आणि त्याचा एक अलिखित कायदा होता. ज्याच्या मनात अढी असेल, भांडण मिटवायचं राहिलं असेल किंवा काही पाप झाकून ठेवलेलं असेल, त्यानं प्याला हातात घ्यायचा आणि न पिता पुढं द्यायचा. त्याला तिथं कुणी काही विचारायचं नाही. माना खाली असायच्या, पण डोळे तिरके. कोणी प्याला सोडला हे संध्याकाळपर्यंत शेतातल्या गड्यालाही ठाऊक झालेलं असायचं.

आमच्या मंडळीत एक आप्पा होते. निपाणीच्या वखारीत तंबाखू कुटायचे. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पाळकासमोर हात जोडून त्यांनी दारू सोडल्याला अकरा वर्षं झाली होती. सोडायच्या आधी त्यांनी एकदा पिऊन बायकोला अशी थप्पड मारली होती, की तिचा डावा कान कायमचा गेला. तिला सगळे आक्का म्हणायचे. शुद्धीवर आल्यावर आप्पांनी पहिली हाक मारली आणि तिनं मान वळवली नाही, तेव्हा त्यांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी ते मामंजींच्या दारात येऊन बसले, ते दारू सोडूनच उठले.

हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती, कारण दर रविवारी ते डोळ्यांना दिसायचं. उपासना सुटली की आप्पा दाराबाहेर थांबायचे आणि आक्का आली की तिच्या उजव्या बाजूला जाऊन चालू लागायचे. चुकूनही डाव्या बाजूला नाही. वाट अरुंद असली तर स्वतः काट्यातून चालायचे. नव्या सुनेला नवराबायकोकडं टक लावून बघणं शोभत नाही, पण मी बघायची. मला ते फार आवडायचं.

त्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून सासूबाई चिकोडीला गेल्या. जाताना मला बजावून गेल्या, “मनुका शनवारी दुपारी भिजव. आदी न्हाय, मागनं न्हाय.” पण मी पडले कॅम्पातली, चार इयत्ता जास्त शिकलेली! सासूबाईंचं पाणी मला नेहमी फिकं वाटायचं. म्हटलं, आपण असं दाट आणि गोड करू की मंडळी बोटं चाटत राहील. म्हणून मी शनिवारऐवजी बुधवारीच मनुका भिजत घातल्या. पाणी कोमट घेतलं. वरून चांगला मूठभर गूळ घातला. तोंडाला फडकं बांधून मडकं चुलीशेजारी ठेवलं आणि शहाण्यासारखी चार दिवस त्याला हात लावला नाही. चैत्राचं ऊन होतं. अति तिथं माती म्हणतात, इथं मातीचं मडकंही होतं.

रविवारी सकाळी फडकं सोडलं, तर आत पांढरा फेस. कान जवळ नेला तर बारीक सुरसुर. आणि वास! कॅम्पात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोल्जरांचं कँटीन होतं, त्याच्या मागच्या दारावरून आम्ही पोरी नाक धरून पळायचो. तोच वास. ओळखायला मला अर्धा श्वास पुरला.

घरात दुसरी एक मनुका नव्हती. पहिली घंटा झाली होती. मी मडकं तसंच ठेवून सोप्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. मामंजी खुर्चीत बसून त्या दिवशीचं वचन पुटपुटत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “झालं का गं?”

मला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण तोंडातून आलं, “व्हय, झालं.”

आत जाऊन मी फेस काढून टाकला, पाणी गाळलं, त्यात आणखी पाणी घातलं. तरी वास जाईना, तेव्हा चार वेलदोडे कुटून टाकले. हातानं हे चाललं होतं आणि तोंडानं मी प्रार्थना करत होते, देवा, मामंजींना कळू देऊ नकोस. जगात इतकी मूर्ख प्रार्थना दुसरी झाली नसेल. देवाच्याच मेजेवर खोटं मांडायला मी देवाचीच मदत मागत होते.

उपासनेत मी बायकांच्या बाजूला, पदर कपाळापर्यंत ओढून बसले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, जो तो माझ्याकडंच बघतोय असं वाटत होतं. भाकर फिरली. मग प्याला निघाला. मंडळीतले पहिले वडीलधारे प्याले, त्यांनी पुढं दिला. दुसऱ्यांनी घोट घेतला, थबकले, ओठ चाटले आणि आणखी एक घोट घेतला. तेही जुने पिणारेच. पुढं कितीतरी वर्षांनी मला म्हणाले, “वळकलं हुतं की. पर म्हटलं, पाळकाच्या घरचं हाय, पाळकाला ठावं असंल.”

मग प्याला आप्पांच्या हातात गेला.

त्यांनी तो तोंडाजवळ नेला आणि ते थांबले. डोळे मिटले. त्यांच्या गळ्याची शीर टरारलेली मला एवढ्या लांबून दिसली. तो प्याला त्यांच्या हातात किती वेळ होता कोण जाणे. मग त्यांनी डोळे उघडले, एकवार बायकांच्या बाजूला, अगदी सरळ माझ्याकडं पाहिलं आणि न पिता प्याला शेजाऱ्याला दिला. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझ्या पुढच्या ओळीत आक्का बसली होती. तिच्या मानेवरून मला कळलं की तिनं पाहिलं. प्याला बायकांकडं आला तेव्हा तिनं तो नीट हातातही घेतला नाही, तोंड फिरवून मागं सरकवला. त्या झटक्यानं थोडं पाणी माझ्या पदरावर सांडलं.

आता प्याला माझ्या हातात. मी सोडला असता तर निदान अर्धं खरं बोलल्यासारखं झालं असतं. पण पाळकाच्या सुनेनं प्याला सोडला तर मामंजी संध्याकाळी विचारणार. म्हणून मी प्याले. गोड, किंचित कडू, वेलदोड्याच्या वासाचं ते पाणी माझ्या घशाखाली उतरलं. ज्याला खरी भीती वाटली त्यानं प्याला सोडला आणि माझ्यासारखी भित्री तो पिऊन बसली. हे वाक्य आज लिहिता येतं. तेव्हा मी फक्त प्याला पुढं दिला.

उपासना सुटली. आप्पा नेहमीसारखे दाराबाहेर थांबले. आक्का आली आणि त्यांच्याकडं न बघता चार बायकांच्या घोळक्यात मिसळून निघून गेली. आप्पा तिच्या मागं दोन पावलं गेले आणि थांबले. रस्ता मोकळा झाला तरी ते तिथंच उभे होते.

जेवताना मामंजी पहिल्यांदाच बोलले. “आप्पानं प्याला सोडला. अकरा वर्सांत पैल्यांदा.”

मी म्हणाले, “आमटी वाढू का?”

याची मला अजून लाज वाटते.

जेवण झाल्यावर त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं. दोघं सोप्यात बसले आणि मी आतल्या दाराआड. मामंजींनी फार हळू विचारलं, “काय झालं रं? पाय घसरला व्हय?”

“न्हाय.”

“मग? कुणाशी वाकडं आलं?”

“न्हाय, पाळकबाबा. आज घेतला न्हाय. एवडंच.”

“एवढंच कसं? आक्काला काय सांगू मी?”

मी दाराला चिकटून उभी होते आणि मला वाटत होतं, आता सांगतील, आता सांगतील. आणि खोटं कशाला बोलू, सांगू नयेत असंही वाटत होतं.

तेवढ्यात आक्काच आली. बगलेत गाठोडं, डोळे सुजलेले. ती आप्पांकडं न बघता मामंजींना म्हणाली, “पाळकबाबा, सांगून जावं म्हून आलिया. म्या सदलग्याला भावाकडं निगाले. परत याची न्हाय.”

“अगं, आधी ऐकून तर घे.”

“काय ऐकू? पैलं बी असंच गप बसायचा. एक कान दिला म्या. आता ह्यो उरलाय तेवडा तरी ऱ्हाऊ दे मला.”

आप्पा उठले. सवयीनं तिच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हणाले, “म्या प्यालो न्हाय गं.”

“तवा बी न्हायच म्हनायचास,” ती म्हणाली आणि वळली.

मग मात्र मला दाराआड उभं राहवलं नाही. मी धाडसी झाले असं कोणी समजू नये. मला फक्त तो माणूस रस्त्यात एकटा उभा राहिलेला परत बघायचा नव्हता. चुलीमागं मडकं तसंच होतं, तळाला मनुकांचा चोथा, टाकून द्यायचाही धीर मला झाला नव्हता. ते मडकं घेऊन मी बाहेर आले, पदराचं भान नाही, आणि आक्कापुढं धरलं.

“आक्का, वास घ्या.”

तिनं वाकून वास घेतला आणि चटका बसल्यासारखी मागं सरली. अकरा वर्षं झाली तरी तो वास ती विसरली नव्हती. तिनं मडक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग आप्पांकडं. गाठोडं तिच्या बगलेतून निसटून खाली पडलं.

“मी केलं,” मी म्हणाले. “गूळ घातला. चार दिवस ठेवलं. सकाळी मला कळलं होतं, तरी मेजेवर नेलं. आप्पांना वास आला म्हणून त्यांनी सोडला.”

मामंजींनी मडकं माझ्या हातातून घेतलं, जवळजवळ आत तोंड घालून वास घेतला, पुन्हा घेतला. मग हताश होऊन म्हणाले, “मला काय कळतंय? माझं नाक मेलंय.” एरवी कोणी हसलं असतं. ते आप्पांकडं वळले. “पण तू का बोलला न्हाईस? तिथं न्हाय तर न्हाय, इथं तरी?”

आप्पा म्हणाले, “दारुड्यानं म्हनावं, प्रभूच्या प्याल्यात दारू हाय? कोन इस्वास ठेवंल? आनि पोर नवीन हाय. समद्यांम्होरं तिची मान खाली गेली असती.”

“आणि तुझी गेली ती?”

“माझी लई येळा गेलीया. मला सवं हाय.”

आक्का मटकन खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली. आप्पा तिच्याशेजारी बसले, उजव्या बाजूला, आणि तिच्या कानाशी काहीतरी म्हणाले. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि ते आमच्यासाठी नव्हतंच.

मामंजींनी मला विचारलं, “तू प्यालीस?”

“व्हय.”

“कळलं असून?”

“व्हय.”

“का गं पोरी?”

“तुमच्या भीतीनं.”

मी डोळे मिटून घेतले. आता ते गप्प बसणार, दोन दिवस नाही, दोन महिने, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, “माझ्या?” आवाज इतका पडलेला की मी डोळे उघडले. “मी काय केलं तुला?”

“कंदिलाची काच फुटली तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हता.”

ते आठवत राहिले. मग म्हणाले, “अगं, तवा माझी दाढ दुखत होती.”

आक्का रडता रडता हसली. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. सात महिने मी ज्या कोपाला थरथरत होते, तो एक किडका दात होता! मामंजींनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. ते बराच वेळ छत्रीची मूठ चाळवत बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी धीर करून आप्पांना विचारलं, “तुम्हाला देवाचं भय वाटलं म्हणून प्याला सोडलात ना? शिक्षा होईल म्हणून?”

ते म्हणाले, “शिक्षा कसली, पोरी? ती माझी मीच करून घेतली हुती की. त्यानं मला त्यातनं उचललं. आता भ्या वाटतंय ते हेचंच, की ज्यानं उचललं त्याला माझ्या हातनं पुन्ना दुक हुईल. हिला झालं तसं.” आणि त्यांनी आक्काच्या गेलेल्या कानाकडं पाहिलं.

तो कान बघून मला आमच्या घरातला तो भिंतीवरचा डोळा आठवला. इतकी वर्षं मी त्याच्याकडं वरमून बघत आले होते. त्याला दुखत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मामंजींनी पुन्हा मेज मांडली. आधी उभे राहून म्हणाले, गेल्या खेपेला प्याला चुकला तो माझ्या घरातून. माझ्या घरात माझं भय देवाच्या भयापेक्षा मोठं झालं होतं, दोष माझा आहे, आणि आप्पानं प्याला सोडला तो आपल्या सगळ्यांच्या वतीनं सोडला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण मी उभी राहिले आणि सांगितलं, “मनुका मी भिजवल्या होत्या.” खाली बसले तेव्हा आक्कानं मागं हात करून माझा हात दाबला. त्या दिवशी प्याला आप्पांकडं गेला, ते प्याले, आणि सगळ्यांनी माना वर करून उघड पाहिलं. सासूबाई चिकोडीहून आल्यावर मला जे ऐकून घ्यावं लागलं, ते मात्र इथं सांगत नाही.

तेव्हापासून एक नवी रीत पडली. मेजेच्या सकाळी पाणी गाळलं की मी लोटा झाकून आप्पांच्या दारात जायची. ते हात धुऊन यायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, “हाय बरं.” की मी परत. पुढं सासूबाई गेल्या, मामंजी थकले, आमचे हे मास्तर होऊन गावात आले, मला मुलं झाली. कडेवर पोर आणि हातात लोटा, अशी मी कितीदा त्या दारात उभी राहिले असेन. आप्पांच्या “हाय बरं”शिवाय मला मेज मांडल्यासारखी वाटायची नाही. एखाद्या वेळी ते मुद्दाम कपाळाला आठी घालायचे आणि मी घाबरले की मोठ्यानं हसायचे.

स्वातंत्र्य येणार, असं गावात जो तो बोलत होता त्या सालची गोष्ट. आप्पा आता वखारीत जात नव्हते, नुसते ओट्यावर ऊन खात बसायचे. मी लोटा घेऊन गेले. त्यांनी नेहमीसारखे हात धुतले, लोट्यावर वाकले आणि तो माझ्या हातात परत देत म्हणाले, “पोरी, एक सांगू का? मला वास येईना झालाय. त्या तंबाखूनं माझं बी नाक न्हेलं.”

मी म्हणाले, “आजच्यापुरतं असेल. सर्दी झाली असेल.”

“न्हाय गं. दोन वर्सं झाली.”

दोन वर्षं म्हणजे आठ वेळा. आठ वेळा ते लोट्यावर वाकले होते, “हाय बरं” म्हणाले होते, आणि देवळात येऊन प्याला तोंडाला लावला होता.

“मग पीत कसे होता?”

“तू केलेलं असतंय न्हवं,” ते म्हणाले. त्यांनी आत हाक मारली, आणि आक्का चहा घेऊन आली तसे ते सरकून तिच्या उजव्या बाजूला बसले.

चहा घेऊन मी घरी आले. लोट्यातल्या पाण्याला काहीही झालेलं नव्हतं. शनिवारी दुपारी भिजवलेलं, रविवारी सकाळी गाळलेलं, सासूबाईंच्या पद्धतीचं फिकं पाणी. तरी मी ते नाकाशी नेलं, पुन्हा नेलं, थेंबभर जिभेवर घेतलं. मला भय वाटत होतं, आणि ते मार बसेल म्हणून नव्हे. मग मी ते सगळं परसात ओतून दिलं. डब्यात तळाशी मूठभर मनुका राहिल्या होत्या. पहिली घंटा व्हायला अजून अवकाश होता. मी त्या तीन पाण्यांनी धुतल्या, उकळतं पाणी घालून झाकल्या आणि मऊ होईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राहिले.